वाळ्यावरचा शेवटचा आकडा

२१ जानेवारी, रविवार सकाळ

प्रिय रनेल,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मी तीन वाक्यांत आटपतो हे तुला ठाऊकच आहे. तुझी आई म्हणायची, या माणसाच्या हातात फोन दिला की तार आल्यासारखं वाटतं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. चर्चला गेलो नाही. पाद्रीबाबांनी विचारलं तर गुडघा दुखत होता म्हणून सांगेन, आणि तसा तो दुखतोच आहे.

सोबत नऊ फोटो आहेत. जोसीला वर्गात लावायला 'आजीच्या पक्ष्याचा' फोटो हवा, आणि त्यात पायातल्या वाळ्यावरचा नंबर दिसायला हवा, म्हणजे आईच्या कार्डाशी जुळवून पोरांना दाखवता येईल, असं तू नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतर म्हणालीस. मी म्हणालो, हॅ, त्यात काय! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला अंगठ्याएवढ्या हमिंगबर्डचा एक फोटो काढायला कितीसा वेळ लागणार? सात आठवडे लागले, बाई. नाकी नऊ आले माझ्या.

मागच्या जानेवारीत तू इथे नव्हतीस, म्हणून ते एकदा नीट सांगतो. पक्ष्यांची नोंद ठेवायला त्यांच्या पायात नंबराची वाळी घालणाऱ्या मिस लुएला सकाळी सातला पिंजरा घेऊन आल्या. आईचं दुखणं तेव्हा बरंच वाढलं होतं, तरी ती अंगणात खुर्ची टाकून, दोन स्वेटर घालून बसली होती. दर हिवाळ्यात अलास्काकडून येतात त्यांतली ती तांबूस मादी पिंजऱ्यात शिरली, मिस लुएलांनी दार पाडलं, तिला चिमटीत धरून पायात वाळं घातलं, मापं घेतली आणि मग रिवाजाप्रमाणे घरमालकिणीच्या तळहातावर ठेवलं. सोडायचा मान घरच्या बाईचा असतो. इतर पक्षी दोन सेकंदांत पळतात. ही पडून राहिली. आई श्वास रोखून बसलेली, आणि माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवत म्हणाली, एम्ब्रोज, हिचं काळीज माझ्या हाताला लागतंय. दोन-तीन मिनिटांनी ती भुर्रकन गेली. मिस लुएलांनी नंबराचं कार्ड दिलं, के ४८२१७, ते अजून फ्रिजवर आहे. एप्रिलमध्ये आई गेली. कार्ड काढायचं माझ्याच्याने झालं नाही.

नऊ नोव्हेंबरला पक्षी आला. पाठ हिरवी, कुशी तांबूस, आणि साखरपाण्याच्या भांड्यापाशी क्षणभर थबकली तेव्हा पायात काहीतरी चमकलं. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला आणि मी सांगितलं, आईचा पक्षी परत आला. तू रडलीस. इतकी रडलीस की जोसीने फोन घेऊन मला विचारलं, आजोबा, तुम्ही मम्मीला काय केलंत? पुढे त्या गोष्टीला पाय फुटले. तुझ्या सासरी कळलं, जोसीच्या शाळेत कळलं. इथे मात्र मी कुणाला बोललो नाही. मिस लुएलांनी चार वेळा फोन करून विचारलं, आला का हो कुणी, पिंजरा घेऊन येऊ का? दर वेळी मी म्हणालो, छे, यंदा अजून कुणी नाही. एकदा तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि बाहेर ती टिक् टिक् टिक् ओरडत होती. मिस लुएला म्हणाल्या, मग ते मागे कोण बोलतंय? मी म्हणालो, फ्रिज बिघडलाय. त्या म्हणाल्या, एम्ब्रोज, तुमचा फ्रिज थेट अलास्कातून आल्यासारखा बोलतोय. बाईचे कान तिखट आहेत, पण त्यांनी पुढे रेटलं नाही. त्या आल्या असत्या तर दहा मिनिटांत नंबर कळला असता. तोच मला कळायला नको होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पण फोटो कबूल करून बसलो होतो. शेजारचा क्लोव्हिस, पूर्वी पेपरासाठी शाळेच्या फुटबॉलचे फोटो काढायचा तो, त्याच्याकडून कॅमेरा आणि तीन फ्लॅश आणले. भांड्याची एक सोडून बाकी सगळी भोकं चिकटपट्टीने बुजवली, म्हणजे पक्षी नेमका एका जागी येऊन तरंगणार. मागे आईची निळी चादर ताणली, नाहीतर फोटोत पक्ष्यामागे गॅरेजचा दरवाजा येतो. रागावू नकोस, धुऊन घडी करून ठेवलीय. फ्लॅश पूर्ण ताकदीवर लावले. फोटो आले ते असे की जणू पक्ष्याच्या दोन्ही खांद्यांना धूर लागलाय. क्लोव्हिस बघून इतका हसला की त्याच्या मिशीला कॉफी लागली. म्हणाला, अरे मेकॅनिक, ताकद लावून पंख थांबत नसतो! पूर्ण ताकदीचा फ्लॅश रेंगाळतो, तेवढ्यात तिचा पंख कुठल्या कुठे जातो. ताकद बत्तिसाव्या हिश्शावर आण आणि फ्लॅश तिच्या नाकाशी ने. मी म्हणालो, एवढ्याशा उजेडात काय दिसणार, डोंबल? पण तो म्हणाला तेच खरं ठरलं. कमी ताकदीचा उजेड कमी वेळ टिकतो. पहिला चांगला फोटो मी बघतच राहिलो. प्रत्येक पीस मोजून घ्यावं इतका पंख स्पष्ट. मी आनंदाने आईला हाक मारली, ओडील, इकडे ये, बघ! आणि मग तसाच उभा राहिलो. क्लोव्हिसने कॅमेऱ्याचा पट्टा उगाच गुंडाळला, उलगडला आणि घरी गेला.

पंख आले, पण पाय कुठे? हमिंगबर्ड थंडीत उडताना पाय पोटाच्या पिसांत गुडूप करते. अडीचशे फोटो आणि पायाचा पत्ता नाही. डिसेंबरात तर दोनदा साखरपाणी गोठलं. गॅरेजमधला हातदिवा भांड्याखाली टांगून ठेवला, तर ती बया त्याच्या उबेला येऊन बसायची, पाय आणखीच आत ओढून. मला वाटलं, उबदार दिवस उजाडेपर्यंत काही खरं नाही, कारण उकडायला लागलं की त्या उडताना पाय खाली सोडतात. हे मला आईने सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, तुला बरं सगळं ठाऊक. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे नेहमीसारखा तो चार दिवसांचा खोटा उन्हाळा आला. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडली नाही. क्लोव्हिसच्या बायकोने कुंपणावरून बूदँ सॉसेज आणि भात दिला, तो मी मांडीवर ठेवून खाल्ला.

एक गोष्ट कबूल करतो. ते सात आठवडे मला बरे गेले, रनेल. सकाळी उठायला काम होतं. त्याआधी मी सकाळी कॉफी दोघांची करायचो आणि एक कप ओतून द्यायचो, कारण दोघांचीच करायची सवय, एकाचं प्रमाण मला जमतच नाही. घर खायला उठतं ही म्हण मी तुझ्या आजीच्या तोंडून ऐकली होती, तेव्हा वाटायचं म्हातारी वाढवून बोलते. आता मी टीव्ही लावून बाहेर जातो, म्हणजे परत आल्यावर घरात कुणीतरी बोलत असतं. पक्षी आल्यापासून मात्र मी तिच्याशीच बोलायचो. तू काय म्हणालीस, नातीने काय विचारलं, सगळं. ओडीलच्या हातावर पडून राहिलेली ती हीच, असं समजून.

वाळं पायाभोवती गोल असतं, एका फोटोत दोनच अक्षरं मावतात. पहिल्या दिवशी 'के ४' आलं. मी अंगणात एकटाच टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी '८२'. तिसऱ्या दिवशी '२१'. फोटो फ्रिजवर कार्डाशेजारी लावत गेलो. के ४८२१ इथपर्यंत सगळं जुळलं. देवाशप्पथ, मला तोवर नुसती आशा होती, त्या रात्री खात्री झाली. तुला फोन लावणारसुद्धा होतो. चौथ्या दिवशी ढग यायच्या आत तिने भांड्यावरून एका माशीला हुसकावलं, पाय ताणून, आणि मी बटण दाबलं. शेवटचा आकडा तीन आहे. कार्डावर सात आहे. मी भिंग आणलं, चष्मा बदलला, क्लोव्हिसला बोलावलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, एम्ब्रोज, मला सात म्हणायला आवडलं असतं रे. फोटो नंबर नऊ तोच आहे. तूही बघ.

मग मी मिस लुएलांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, फ्रिज दुरुस्त झाला म्हणायचा. दुपारी वही घेऊन आल्या. ४८२१३ त्यांनी आपल्याकडे यायच्या आदल्या दिवशी शाळेमागच्या डेल्फिनबाईंच्या अंगणात बांधला होता. डेल्फिनबाई उन्हाळ्यात गेल्या, पोरांनी घर विकलं, घेणाऱ्याने झाडोरा उपटून सगळीकडे काँक्रीट ओतलं. मिस लुएला म्हणाल्या, बिचारी अलास्काकडून तीन हजार मैल उडून आपल्या त्या जुन्या अंगणात आली असेल, तिथे गाड्या लावलेल्या दिसल्या असतील, दोन दिवस घिरट्या घातल्या असतील, मग तुमचं लाल भांडं दिसलं असेल. मी विचारलं, आणि आमची? त्या म्हणाल्या, ती यंदा कुठेच दिसली नाही. आयुष्य लहान असतं त्यांचं, एम्ब्रोज, तुम्हाला काय सांगायचं. जाताना त्यांनी पिंजऱ्याचा विषयही काढला नाही. मी भांडं धुतलं, नवं साखरपाणी भरलं. तिचा त्यात काय दोष?

जोसीला काय सांगायचं ते तू ठरव. वाटल्यास सगळा दोष माझ्यावर ढकल, आजोबांना आकडे वाचता येत नाहीत म्हण. पण हे पत्र मी आकड्यासाठी लिहिलेलं नाही. नऊ नोव्हेंबरला तू फोन केलास तो तुमच्या घरातल्या खालच्या खोलीबद्दल बोलायला. रंग लावून झालाय, डॅडी, जिना चढायला लागणार नाही, तुम्ही राहायला या... एवढं तू म्हणालीस आणि मी तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आईचा पक्षी आलाय, त्याला टाकून कसा येऊ, म्हणालो. पायात काहीतरी चमकलं, एवढंच मी पाहिलं होतं. ती कुठली, कोण, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तुला नाही म्हणायला तोंड धजेना, म्हणून आईला पुढे केलं, आणि तू रडलीस, त्यावर मी गप्प बसलो. त्यानंतर आपले अकरा फोन झाले. एकदाही तू या म्हणाली नाहीस. तुझी काही चूक नाही, मी तुला बोलायला जागाच ठेवली नव्हती. मला भीती वाटत होती, की मी हे घर सोडलं तर तुझी आई कुठे असेल? आता माझ्याकडे कारण उरलेलं नाही, आणि खरं सांगू, इथे आता करमतही नाही. ही पाहुणी मार्चच्या मध्यावर उत्तरेला निघेल, तोवर तिचं मी बघतो. पुढच्या हिवाळ्यात ती आली तर भांडं क्लोव्हिस भरेल, तसं त्याने कबूल केलंय. खोली जोसीच्या खेळण्यांना दिली असलीस तर एक कोपरा चालेल. तुमची मिनेसोटाची थंडी मला मारणार नाही, मी चिवट आहे. फक्त तू पुन्हा एकदा विचार. नाही विचारलंस तरी मी समजून घेईन, असं इथे लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. विचार, रनेल.

तुझाच,
डॅडी