सोललेला हात आणि सोललेले वाल

अष्टमी, रोहा
ता. २६ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप बायजाक्कास सखाचा साष्टांग नमस्कार. दाजींचा खोकला उतरला असेल नि म्हैस सुखरूप व्याली असेल. आम्ही सगळे बरे आहोत, आणि ते तुझ्यामुळे, म्हणून हे पत्र.

तू मला पेणच्या डॉक्टरकडे ओढून नेलंस तेव्हा मी वाटभर कुरकुरत होतो. डाव्या हातावरच्या जखमांसाठी मी कंपनीतली पावडर, तुझ्या भावजयीचा, गोदूचा साबण आणि (रागावू नकोस) तुझं जवळ्याचं कालवणसुद्धा जबाबदार धरलं होतं. कातडीच्या डॉक्टरांनी मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी चिकटवून दिली. पंधरा दिवसांनी सोडली तर आतलं कातडं तान्ह्या पोराच्या गालासारखं, आणि पट्टी संपते तिथून वर, उजवी बोटं पोचतात तिथवर, ताज्या जखमा. डॉक्टर म्हणाले, "रोग कातडीत नाही, तुमच्या नखांत आहे." मी म्हटलं, "म्हंजे मी येडा हाय काय?" डॉक्टरांच्या आधी तूच म्हणालीस, "येडा नाय, दुखावलेला हाय."

त्यांनी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी गोळ्या थोड्या दिल्या, विचारलं फार. हात खाजवायला कधी जातो ते वहीत लिहायला लावलं (गोदूला वाटलं मी पोथी उतरवतोय). वहीत दिसलं की रिकामा बसलो की जातो, आणि आईचा विषय निघाला की हमखास. गेल्या श्रावणात आई तुझ्या घरी वारली, तेव्हापासूनचंच हे. हातांना काम द्या, बाई म्हणाल्या. गोदूनं लगेच मोड आलेल्या वालांची परात सोलायला पुढ्यात ठेवली. आता आठवड्यातून चार दिवस आमच्याकडे बिरडं असतं, आणि शेजारची काशीबाई आपलेही वाल 'उपचाराला' आणून देते. पण हातावरच्या जखमा भरल्या. परवा आखूड बाह्यांचा शर्ट घातला, तर गोदूनं हातावरून नुसता हात फिरवला. आक्का, तू ओढून नेलं नसतंस तर मी अजून साबणच बदलत बसलो असतो.

तुझा,
सखा

ता.क. पत्र आणणाऱ्या नाथाकडे सोललेल्या वालांचा डबा दिलाय. आजच कर, उद्या आंबतील.

आणखी ता.क. बाई म्हणाल्या, मला सांगितलंत ते बहिणीलाही सांगा. वरचं पत्र मी ते टाळायलाच लांबवलं. आई गेली त्या दिवशी तुझा फोन मला उशिरा मिळाला असं मी सांगितलं, ते खोटं होतं. दुपारी बारालाच निरोप आला, साहेबही जा म्हणाले. आईचं असं आधी तीनदा झालं होतं, याही वेळी उठून बसेल असं वाटलं, म्हणून मी शिफ्ट पुरी केली. ती शेवटपर्यंत "सखा आला काय" विचारत होती, हे तूच मला सांगितलंस. रागावलीस तर पत्रानं रागावू नकोस. इथं ये आणि समोर बसून रागव.