लोखंड्याचा आवाज

३ मार्च

परत लागला! लोखंड्या! चाळीस वर्षांनी तोच सातमजली रोबो, तीच त्याच्या छातीवरची खिडकी. लेक कामावरून आला, बूटसुद्धा न काढता टीव्हीसमोर फतकल मारली. पोट पुढे आलंय, केस मागे गेलेत — तोंड मात्र तसंच उघडं.

नात लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही. बरी जोडी जमलीय.

४ मार्च

नात म्हणते, "आजी, चित्रं किती अडखळत हलतात! तरी उठवत नाही गं." अगं, नव्या कार्टूनांत सगळं नुसतं भिरभिरतं. हा पाऊल टाकतो तेव्हा वजन पडतं! रोज हात तुटतो, रोज जोडून हजर. पडलेल्या इमारतींचा राडारोडा कोण झाडतं, ते दाखवत नाहीत. जन्मभर झाडू मारलेली बाई मी — मला तेवढंच दिसतं.

६ मार्च

जेवताना लेकाचं पुन्हा तेच. "संध्याकाळी तू कधी घरी नव्हतीस, आई. मला वाढवलं ते लोखंड्याने." हसत बोलला. मी म्हटलं, "मग त्यालाच बसव तुझी भाजी चिरायला." सगळे हसले. मीही.

अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवली.

७ मार्च

आज सांगतेच. लिही — आणि बापाजवळ बोललीस तर वेणी उपटीन!

संध्याकाळी मी जायचे ती डबिंगच्या स्टुडिओत. झाडलोट, चहा. तिथेच लोखंड्याला आपल्या भाषेत बोलतं करत होते. बाहेरून आलेल्या फितीत त्याची गर्जनाच नव्हती. ओरडून ओरडून दोन नटांचे घसे बसले. शेवटी आवाजवाले माझ्याकडे वळले — "मावशी, या पिंपात तोंड घालून ओरडा बघू." काय ओरडू? "काहीही!" मग गल्लीत पोराला जशी हाक द्यायचे, तशीच दिली — "घरी येऽ रे!" त्यांनी फीत हळू फिरवली. काचा थरथरल्या! तीच गर्जना पुढे प्रत्येक भागात.

नातीने पेन टाकलं. "बाबांना सांगते!" खबरदार! सांगितलं तर भांडण मी जिंकेन, पण त्याचा लोखंड्या जाईल. पिंपात तोंड घातलेली आई उरेल नुसती. राहू दे.

११ मार्च

परवा नातीला ताप होता; आज उठून बसली, तेव्हा हे लिहितेय. लेक म्हणाला, "सांग, आज मी लिहितो." मी वही दिली — माझ्या ध्यानातच आलं नाही! मला वही मुकी; त्याला थोडीच? मागचं पान वाचत बसला. "पुढे लिही की," म्हटलं. त्याने वही मिटली.

मग एवढंच बोलला — "म्हणजे संध्याकाळी तू घरीच होतीस."