धुराडं आतून बघ, रामलिंग

लातूर,
बुधवार, ६ जानेवारी १९९९

चि. रामलिंग यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? थंडी लई पडलीय, तिला सकाळचं उन्हात बसवत जा. तू धाडलेला हुरडा पोचला. माझ्या मेसमध्ये राहणाऱ्या पोरींनी तीळ-लसणाच्या चटणीसंगं एका बैठकीत संपवला. "मावशी, तुमच्या भावाला सांगा, अजून पाठवा," म्हणाल्या.

रीतीप्रमाणं 'इकडे सर्व खुशाल' लिहायला घेतलं होतं. हात पुढं गेला नाही.

सोमवारी तुझ्या वेल्डिंगच्या दुकानासमोरच्या एसटीडीवाल्याकडं मी निरोप ठेवला: घरातली चूल पेटवू नको, आईला त्या खोलीत झोपवू नको, नवी चूल कुणाकडं बसवू नको. आक्काला काय झालं, असं तुला वाटलं असेल. फोनवर मला बोलवेना. म्हणून हे पत्र शरणप्पा कंडक्टरच्या हाती देतेय, म्हणजे आजच तुला मिळेल.

हदगावची सृष्टी कालपासून उठून बसतेय. बारावीची पोर, मेडिकलला जायचं म्हणून इथं क्लास लावलेला. तिचे वडील अण्णाराव दवाखान्यातच आहेत. डॉक्टर म्हणाले, पोरगी वाचली. मधूनच ती आम्हाला विचारते, आज वार कोणता? सांगितलं तरी थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारते.

वरच्या खोलीत दोघी राहायच्या. सृष्टी आणि हिमायतनगरची लुबना. तू दिवाळीनंतर चूल बसवायला आलास तेव्हा जिनं तुला दोनदा चहा आणून दिला, ती लुबना. चूल कशी चालते ते तिनं तुला विचारलं होतं. तुझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आमच्या फिजिक्सच्या सरांपेक्षा बरं समजावता."

रामलिंग, तुझी चूल चांगलीच होती. आधी पस्तीस पोरींचा स्वयंपाक करताना डोळ्यांची आग व्हायची, भिंती काळ्या पडायच्या. गॅसची टाकी वेळेवर मिळत नाही, लाकडाशिवाय गत्यंतर नाही. तू लोखंडी चूल आणलीस, तिची नळी भिंतीतल्या जुन्या धुराड्यात घातलीस, तोंड सिमेंटनं इतकं सफाईनं बंद केलंस की स्वयंपाकघरात धुराचा मागमूस राहिला नाही. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. मी मिरवलं.

थंडी वाढली तशा पोरींनी वरच्या खिडक्या बंद केल्या, फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. मग त्या दोघींचं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं जागरणं, अभ्यास. लातुरात बारावीच्या पोरींचं डोकं दुखत नाही असं घर तरी कोणतं? मी बाम दिला, आलं घालून चहा दिला.

रविवारी क्लासला सुट्टी होती. लुबनाचे रोजे चालू होते. तिच्या सहरीचं ताट मी झाकून ठेवायचे. पहाटे ती जेवून वर गेली आणि पुन्हा झोपली. सृष्टीही उठली नव्हती. रविवारचं जेवण गोडाचं असतं, म्हणून सकाळपासून चूल भरून पेटवलेली. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या. पोरी पंगतीला बसल्या तरी सृष्टी खाली आली नाही, म्हणून मी जिन्यातून हाक मारली. मग वर गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत धूर नव्हता. जळकट वासही नव्हता. दोघी पांघरुणात निवांत. लुबनाचे गाल लाल दिसले, मला वाटलं ताप आला. कपाळावर हात ठेवला.

ती गार होती, रामलिंग.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पोरी सांगतात, मी खिडकीची काच हातानंच फोडली. हाताला टाके आहेत, म्हणजे खरं असेल. ह्यांनी सृष्टीला उचलून रिक्षात घातलं. लुबनालाही नेलं. कुणाला काही कळत नव्हतं, म्हणून दोघींना सारखंच नेलं. डॉक्टरांनी एकीला आत घेतलं.

निखाऱ्यांचा वायू, ते म्हणाले. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो.

मला पटेना. चूल खाली, पोरी वर, धूर धुराड्यातून बाहेर. मग वायू आला कुठून? सोमवारी पोलिसांसमोर ह्यांनी चुलीत ओला पाला पेटवला, मी वर जाऊन उभी राहिले. लुबनाच्या ट्रंकेमागून, भिंतीच्या बुडातून, धुराची बारीक रेघ वर चढली. गवंड्यानं गिलावा फोडला. आत धुराडं वीतभर उभं चिरलेलं होतं. भूकंपातलं. त्र्याण्णवात आपण बाहेरून गिलावा करून घेतला आणि घर सावरलं म्हणून देवाला नारळ फोडला. आतली चीर तशीच होती. वरच्या तोंडाशी विटा ढासळून निम्मी वाट बुजलेली. वायूला वर जायला वाट नाही, मग तो पोरींच्या खोलीत शिरला.

गवंडी म्हणाला, जुन्या धुराड्याला चूल जोडायची तर आधी वरून दिवा सोडून ते आतून बघायचं. चीर असली तर त्यात पत्र्याची नळी पार छपराच्या वरपर्यंत घालायची, अर्ध्यात सोडायची नाही. तू नळी हातभर आत घातलीस आणि तोंड बंद केलंस. वरून बघितलं नाहीस. मीही तुला 'बघितलंस का?' असं विचारलं नाही.

आता जे लिहायला हात धजत नव्हता, ते लिहिते.

जमादारानं विचारलं, चूल कुणी बसवली? हे म्हणाले, एक फिरता वेल्डर आला होता, नाव ठाऊक नाही. मी पदर तोंडाला लावून गप्प उभी राहिले.

काल लुबनाचे वडील आले. सरदार त्यांचं नाव, हिमायतनगरात शिलाईचं दुकान आहे. पोरीला मातीआड करून सामान न्यायला आले होते. वर बसून त्यांनी एकेक कपडा घडी करून ट्रंकेत ठेवला. पुस्तकं मात्र राहू द्या म्हणाले, कुण्या पोरीला लागतील. मी पाणी पुढं केलं तर म्हणाले, रोजा आहे, ताई. तिच्यासाठी ताट झाकून ठेवणारी मी, आणि तिच्या बापाचा रोजा माझ्या ध्यानात राहिला नाही.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "भाईसाब, फिरता वेल्डर नव्हता. चूल रामलिंगनं बसवली. चाकूरला असतो. माझा सख्खा भाऊ हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बाहेर निघून गेले.

सरदारभाईंच्या हातातल्या ओढणीची घडी अर्धीच राहिली. मला वाटलं, आता शिव्या देतील, द्याव्यात. ते म्हणाले, "नाव घेऊन मी काय करू, ताई? त्यानं असल्या चुली अजून कुणाकडं बसवल्यात का, ते विचारा. तिथंबी लेकरं निजत असतील."

ते गेल्यावर मी ठाण्यात जाऊन तुझं नाव लिहवून आले. हे माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील कधीतरी.

पत्र वाचलंस की दुकान बंद कर. आधी आईच्या खोलीतली नळी काढ. मग तू चूल बसवून दिलेल्या त्या नरसिंगकडं जा, मग बसस्टँडच्या हॉटेलात, आणि जिथं जिथं तुझ्या हाताची चूल पेटते तिथं तिथं. विझवायला लाव. धुराड्यात दिवा सोडून मालकालाच बघायला सांग. कुणी हसलं तर लुबनाचं नाव घे. लाज वाटली तरी घे.

ते झालं की इकडं ये. ठाण्यात तुझ्यासंगं मी येईन. तिथून आपण दोघं हिमायतनगरला जाऊ. ते दार उघडतील का, मला माहीत नाही.

तुझं नाव सांगणारी, तुझीच
रत्नम्मा आक्का