सिंगापूर की हनोई

रोहा, १२ सप्टेंबर २०२५

श्रीमती विहीणबाई गिरजाबाई मोकल यांस,
मथुरा ठाकूरचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमच्या जोहे गावातल्या कारखान्यातले गणपती घरोघरी मोदक खाऊन परत गेले, म्हणजे आता तुम्हाला जरा टेकायला मिळालं असेल, असं धरून लिहिते.

पुण्याहून मुलांचं फर्मान तुम्हालाही पोचलं असेलच. माझा हरेश आणि तुमची पूजा यांनी ठरवलंय की फेब्रुवारीत दोन्ही आयांना परदेशी धाडायचं, एकत्र. सिंगापूर नाहीतर हनोई, यातलं एक शहर आपण एकमताने निवडायचं. त्यांच्या लग्नात मानाच्या साड्यांचा रंगसुद्धा आपल्याला एकमताने निवडता आला नव्हता, हे पोरं विसरली दिसतात. आमच्या ह्यांनाही विचारलं होतं. तुमचे दत्तात्रेय व्याही म्हणाले, अंगणातल्या खुर्चीतून उठून जेवायला आत जाणं एवढा प्रवास मला पुरतो.

माझं मत सिंगापूर. जन्मभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना रांगेत उभं केलं, आणि मी पाठ वळवली की रांग मोडली. जिथे अख्खं शहर आपणहून रांगेत उभं राहतं, ते एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा निवृत्त जीव शांत होणार नाही. शिवाय तिथे सगळं पाटीवर लिहिलेलं असतं. कुठे उतरायचं, कुठे वळायचं, कुणाला विचारायला नको.

फोन मात्र करू नका, पत्रच लिहा. फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही, असं आमच्या घरचं एकमत आहे.

लोभात कसर नसावी.
आपली,
मथुरा


पेण, २० सप्टेंबर २०२५

विहीणबाई मथुराताई यांस,
गिरजाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तर लिहायला बसले तर पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. तुम्ही लाल पेन घेऊन वाचताय असंच दिसत राहतं. कारखान्यात मूर्तीची भुवई एका दमात काढते मी, पण विहिणीला पत्र लिहायचं म्हटलं की एकेक ओळ दहादा खोडते. चुका दिसतील तिथं डोळे मिटून घ्या.

माझं मन हनोईवर बसलंय. पूजानं मोबाईलवर दाखवलं. गावाच्या मधोमध तळं, भोवती बारक्या गल्ल्या, आणि बायका फुटपाथवर पाटाएवढ्या स्टुलावर बसून रांधतायत. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात, आणि जोडीला मासे. म्हणजे आपला पेणचा बाजारच, फक्त भाव करताना भाषा कळणार नाय. पण पेणच्या बाजारात तरी माझं कोण ऐकतं.

सिंगापूर मला फार चकचकीत वाटतं. वर्षभर मी सोनेरी रंगात आणि चमकीत हात घालून बसते, जेवताना भातात चमकी निघते. आणखी चकाकी बघायला विमानात कशाला बसू? शिवाय तिथं म्हणे माणूस पायसुद्धा उचलत नाही, जमीनच त्याला पुढं नेते, वर नेते. असलं शहर मला आळशी वाटतं.

तुम्ही नको म्हटलं तरी मी फोन केला होता. व्याह्यांनी उचलला आणि म्हणाले, ती परसात आहे. पण मागून भांडी लावल्याचा आवाज येत होता, आणि त्याआधी व्याही तुम्हालाच हाका मारत होते. तुम्ही आला नाहीत. माझ्या बोलण्यात काही जास्त-कमी झालं असेल तर तोंडावर सांगा. मी खुळ्यासारखी दोन दिवस तेच उगाळतेय.

लहान समजून जवळ ठेवा.
तुमची,
गिरजा


रोहा, १ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई गिरजाबाई यांस,
सा. न. वि. वि.

राग बिलकुल नाही. त्या दिवशी कामात होते, एवढंच.

हनोईचे व्हिडिओ मीही पाहिले. तिथे हजारो स्कूटर एकदम येतात आणि एकही थांबत नाही. म्हणे आपण रस्त्यात पाय टाकायचा आणि चालत राहायचं, त्या आपल्याला वळसा घालून जातात. तुमचं धाडस असेल. मी कुंडलिकेच्या पुलावरून चालतानासुद्धा कठडा धरते, आणि कठड्याला गंज लागलाय म्हणून त्यालाही रुमालाने धरते. माझ्याच्याने हनोई होणे नाही.

सिंगापूर जमत नसेल तर तुम्ही पूजाबरोबर खुशाल हनोईला जा. मी रोह्यात बरी आहे.

कळावे.
मथुरा


पेण, १४ ऑक्टोबर २०२५

मथुराताई यांस,
गिरजाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी पाय उशीवर ठेवून लिहितेय. उजव्या घोट्याला प्लास्टर आहे. कसं झालं ते पूजाला मी अर्धंच सांगितलंय. तुम्हाला सगळं सांगते, हसायचं तेवढं हसून घ्या.

तुमचं पत्र वाचून मला वाटलं, रस्ता ओलांडता येतो हे आधी आपणच करून दाखवावं, मग ताई नाही कशा म्हणतील? त्याच दिवसांत गडब गावात तांदूळ बघायला गेले होते. समोर हायवे. मनात म्हटलं, गिरजा, हीच तुझी हनोई. व्हिडिओत सांगतात तसं, पळायचं नाही, थांबायचं नाही, मान ताठ ठेवून एका चालीनं जायचं. अर्ध्यापर्यंत गेलेसुद्धा. पण मुंबईकडून जो टँकर येत होता, त्यानं तो व्हिडिओ पाहिला नव्हता. मी मागं उडी मारली ती थेट रस्त्याकडेच्या काकड्यांच्या ढिगात.

काकड्या विकणारी चिमा म्हणून वाडीवरची बाई होती. तिनं मला बखोटीला धरून उठवलं, पाणी दिलं आणि विचारलं, बाय, कुठं जायचं होतं तुला? माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी म्हणाले हनोईला. ती जरा विचार करून म्हणाली की ती एस्टी इथं थांबत नाय, नागोठण्याला जाऊन धरावी लागंल. तिनंच रिक्षा थांबवून दिली आणि मोडलेल्या काकड्यांचं काही घेईना.

पूजा फोनवर रडली, मग ओरडली. आता दोघं म्हणतायत की दोघींचंही जाणं रद्द करू, यांना घरीच राहू दे. मला फार वाईट वाटतंय. शहरासाठी नाही. तुमच्या शेवटच्या पत्रात "कळावे" एवढंच होतं, आणि पोरांचं लग्न झाल्यापासून आपण एकमेकींशी धड बोललोच नाही. म्हटलं होतं, आठ दिवस एका खोलीत राहू, तर काहीतरी बोलू.

पायाला आराम पडतोय. लोभ आटू देऊ नका.
तुमची,
गिरजा


रोहा, १८ ऑक्टोबर २०२५

प्रिय गिरजाबाई,
सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग अन्न गोड लागेना. तुम्ही माझ्या ज्या कारणाशी भांडत टँकरसमोर गेलात, ते कारण खरं नव्हतंच.

मला ऐकू येत नाही. डावा कान जवळजवळ गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. घरात फक्त ह्यांना माहीत आहे. तुम्ही फोन केलात तेव्हा मी खरंच त्यांच्यापासून दोन हातांवर भांडी लावत होते. त्यांच्या हाका मला पोचल्या नाहीत. परसाची थाप माझ्यासाठी मारली त्यांनी.

गौरीच्या जेवणाला तुम्ही मला विचारलंत की माझ्या जाऊबाईंचं ऑपरेशन कसं झालं. मला वाटलं तुम्ही पुरणपोळीचं विचारताय. मी हसून म्हणाले, फारच छान, अजून एक घ्या ना. तुमचा चेहरा पाहिला तेव्हा काहीतरी चुकलं हे कळलं, पण काय ते रात्री ह्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी तुमच्यासमोर यायचं टाळते.

हनोईत मागून येणारी स्कूटर मला ऐकू येणार नाही. सिंगापुरात सगळं पाटीवर असतं. एवढंच माझं सिंगापूर. शिस्तबिस्त मी वरून लावलेला मुलामा. ज्या बाईने आयुष्यभर पोरांना "कान देऊन ऐका" म्हणून दरडावलं, तिने आता कानच नाहीत हे कुणाला आणि कसं सांगायचं? डॉक्टरांनी मशीन सांगितलंय. मी म्हटलं विचार करते, आणि विचार करत बसले.

घोटा माझ्यामुळे मोडला. दिवाळीचे अनारसे पाठवते आहे, ते टणक झालेत. तळताना कढईचा आवाज ऐकून काढायचे असतात, ते आता अंदाजाने काढते. दात सांभाळून खा.

तुमची,
मथुरा


पेण, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

अनारसे दुधात बुडवून खाल्ले. चांगले होते.

तुम्ही एवढं सांगितलंत, तर मी पण सांगते. सरकत्या जिन्याला मी भिते. पूजाच्या लग्नाच्या खरेदीला पनवेलच्या मॉलमध्ये गेलो होतो. ती पिशव्या घेऊन झरझर वर गेली आणि मी खाली उभी. पायरी येतेय, जातेय, पाय काय उचलत नाही. मागं माणसं साचली. एकानं म्हटलं, मावशी, जायचं तर जा नायतर बाजूला व्हा. मी बाजूला झाले ती थेट झाडूवाल्यांच्या जिन्यानं धापा टाकत वर गेले आणि पूजाला म्हणाले, बांगड्या बघत होते. तिला अजून खरं वाटतं. सिंगापुरात तर म्हणे जिकडं तिकडं तेच जिने. चकाकीचं मी उगाच म्हणत होते. चकाकी मला आवडते.

गौरीच्या दिवशी मला वाटलं होतं, घरच्या माणसाच्या आजारपणाचंसुद्धा या बाईला काही नाय. मग मी पण घरी जाऊन तुमच्याबद्दल जरा बोलले. काय बोलले ते विचारू नका.

प्लास्टर निघालं की पनवेलला भेटूया. तुम्ही रोह्याहून गाडीत बसा, मी पेणला चढते. एकदा जिना बघू, एकदा रस्ता. पोरांना सांगायचं नाही. दोघींना जमलं नाही तर उसाचा रस पिऊन परत येऊ.

तुमची,
गिरजा


रोहा, १६ डिसेंबर २०२५

प्रिय गिरजा,
अ. उ. आशीर्वाद. मला "तुम्ही" म्हणू नका असं तू गाडीत दोनदा सांगितलंस, मला एकदाच ऐकू आलं. दुसऱ्या वेळी तू माझ्या कानाजवळ आली होतीस म्हणून.

त्या दिवशी पनवेलच्या रसवंतीत आपण इतक्या हसत होतो की धड बोलणं झालंच नाही. म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते. जिन्याजवळ तू माझा हात धरलास आणि थांबलीस. मीही थांबले. मला वाटलं, घेईल वेळ, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय. समोरच्या दुकानातल्या बाहुलीच्या अंगावरची साडी बघत मी निवांत उभी होते. बऱ्याच वेळाने तू पाय टाकलास, आणि माझी बोटं अशी आवळलीस की अंगठी अजून निघत नाही. वर पोचल्यावर तुझा चेहरा लालभडक. मला वाटलं दमलीस. मागे ही मोठी रांग साचली होती आणि लोक आपल्याला नाही नाही ते बोलत होते, हे तू मला रस पिताना सांगितलंस. मग म्हणालीस की तुम्ही एवढ्या शांत उभ्या होतात, म्हणून मला वाटलं घाबरण्यासारखं काही नसेल, आणि पाय उचलला गेला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिरेपणाचा कुणाला उपयोग झाला. उतरताना आपण लिफ्टने आलो, ते मी हरेशला सांगणार नाही.

आणि स्टेशनबाहेर तू मला दंडाला धरून मागे ओढलंस, तेव्हा रिक्षा पदराला घासून गेली. मला ती ऐकूच आली नव्हती. त्या रात्री मी फार घाबरले. हनोईची भीती मी घालत होते, पण मी तर रोज रोह्यातच मरायच्या तयारीने बाजाराला जात होते.

दुसऱ्याच आठवड्यात मशीन घेतलं. पहिला आवाज ऐकला तो माझ्याच चपलांचा. मी पाय फरफटत चालते हे मला ठाऊकच नव्हतं, आणि वर्गात त्यासाठी किती पोरांना टोकलं. दुसरा आवाज ह्यांचा. इतकी वर्षं मी काही बोलले की हे पुटपुटतात, ते काय पुटपुटतात ते आता कळलं. ह्यांना मशीनचं आधी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी गप्प ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. बिचाऱ्यांच्या हातातला चहा सांडला.

सकाळी हरेशला फोन करून सांगितलं, जाणं रद्द करायचं नाही, आणि शहर हनोई. त्याला वाटलं मी चुकून बोलले. मी म्हटलं, नाही, मला ते सगळे हॉर्न एकदम ऐकायचेत.

तुझी,
मथुराताई


पेण, २२ डिसेंबर २०२५

ताईस,
गिरजाचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून मी कारखान्यात जाऊन बसले, घरात रडायला बरं वाटेना. मग मातीचा ट्रक आला, त्याच्याशी भांडले, तेव्हा ठीक झालं.

एक अडचण आहे. तुमचं पत्र यायच्या आधीच मी पूजाला सिंगापूर सांगितलं होतं. मनात म्हटलं, तुमच्या पाट्या तुम्हाला मिळू देत, जिना काय, तुमचा हात आहे. आता पुण्यात त्या दोघांचं भांडण जुंपलंय. हरेश म्हणतो आईनं हनोई सांगितलं, पूजा म्हणते आईनं सिंगापूर सांगितलं, आणि दोघांना वाटतंय की आपल्या आयांचं काही जमणारच नाही. मी आज तिला फोन करून हनोईच म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही दोघी एकदा बोला तरी. तिला काय सांगू?

विमानतळावर सरकते जिने असतात असं कळलं. मुंबईलाच पहिला लागेल. तो आला की तुम्ही मशीन काढून पर्समध्ये ठेवा, माझा हात धरा, आणि इकडंतिकडं साड्या बघत उभ्या राहा. मागच्या लोकांचं मी ऐकते.

पुढचं पत्र नको, आता फोनच करा गो.
तुमची,
गिरजा