धावड्याच्या पानातला पतंग

सर, तुमच्या मागे काकूंनी दिलेली नोंदवही आज पुन्हा उघडली आहे. खोडलेल्या ओळीचं ते पान आपोआपच उघडतं.

सत्त्याण्णव साल, सेनगावच्या पुढचं धावड्याचं रान. वर्गातली बाकीची फुलपाखरांमागे पांगलेली, मी तुमच्याजवळ. तुम्ही पानावरची पांढुरकी नागमोडी रेघ दाखवता, सांगता की ही अळीची वाट, ती पानाच्या आतच खात खात वाढते आणि मग तिचा पतंग होतो. शेजारच्या पानावर तांदळाच्या कणीएवढा पतंग, पंखांवर चांदीचे तीन पट्टे. कंपाउंडरकडून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या बाटलीत तुम्ही तो अलगद धरलात, बूच लावून माझ्याकडे दिलात आणि नोंद लिहायला बसलात. मला मेलीला धीर कुठला! पट्टे नीट दिसावेत म्हणून बूच जरासं उचललं, आणि तो गेला.

तुम्ही रिकामी बाटली उन्हात कितीतरी वेळ फिरवून पाहिलीत. "काहून गं, तुला दिसला व्हता ना?"

"न्हाई सर. बाटली रिकामीच व्हती."

दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद ठेवायची नाही, हा तुमचाच नियम. तुम्ही चष्मा पुसलात. "मोतीबिंदू वाढून राहिला वाटतं," म्हणत हसलात आणि पट्टी लावून ओळ खोडलीत. त्यानंतर तुम्ही रानात कधी आला नाहीत. डोळ्यांवर भरवसा राहिला नाही म्हणायचात. मी ऐकून घ्यायचे. तुम्ही रागावला नसता हे मला तेव्हाही ठाऊक होतं, तरी तोंड उघडलं नाही.

तुम्ही गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मी एकटीच त्या रानात गेले. रेघ असलेली पानं आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणीत ठेवली. नवव्या दिवशी सकाळी चहा ठेवताना काचेवर तो बसलेला दिसला. तेच तीन पट्टे. हाक मारून दाखवावं असं घरात कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं, सर. चहा उतू गेला.

पुण्याच्या जाणकारांना त्याचा फोटो पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं आहे. पतंग दुर्मीळ आहे, आपल्या भागातून याआधी नोंद नाही. त्यांनी पाठवलेल्या नोंदीच्या फॉर्मवर विचारलंय, पहिल्यांदा कोणी पाहिला आणि सोबत कोण होतं. आठवडाभर तो रकाना कोरा होता.

आज भरला. तुमचं नाव लिहिलं, साल लिहिलं, आणि सोबत म्हणून माझं. फॉर्म उद्याच्या टपालाने जाईल. हे पत्र मात्र या खोडलेल्या पानातच राहील. तुमचे डोळे चांगले होते, सर. मी पाहिला होता.