व्हर्ननकाकांच्या ब्युइकमधल्या दोन बरण्या

तीर्थरूप ओपल आत्यास, नव्या खुब्यासह, जोनेलचा नमस्कार.

खुबा कसा आहे? फ्लोरिडाला तुला रोज चालायला लावतात असं कळलं, आणि तू रोज त्यांना झिडकारतेस असंही कळलं. म्हणजे तब्येत सुधारते आहे. इकडे थडगी सजवायचा रविवार पार पडला, दरवर्षीसारखा: फुलं, गेलेल्यांच्या नावांचं वाचन आणि स्मशानातच सगळ्यांचं जेवण. तू पाठवलेली प्लॅस्टिकची लिली व्हर्ननकाकांच्या थडग्याच्या उशाशी नीट रोवली आहे.

आता गाडीचं. काकांची ब्युइक पेट्रोल फार पिते, तेव्हा हा रविवार झाला की ती भंगारात जाणार, असं तू फोनवर म्हणालीस आणि माझं मन काही थाऱ्यावर राहिलं नाही. घरातली पहिली पदवी माझी, तीही पर्यावरणशास्त्राची. एवढं शिकून घरची एक गाडी वाचवता येत नसेल तर ती पदवी भिंतीवर टांगून काय उपयोग? (सध्या ती हरणाच्या मुंडक्याखाली आहे. बाबा पाहुण्यांना सांगतात, दोन्ही मिळवायला सारखाच दम लागला.) म्हणून मी गाडीला घरच्या घरी हायड्रोजन बनवायची व्यवस्था बसवली. एका बरणीत पाणी, खायचा सोडा आणि स्टीलच्या पट्ट्या. पट्ट्यांना बॅटरीची वीज दिली की बुडबुडे येतात, तो वायू नळीतून इंजिनात जातो आणि पेट्रोल कमी लागतं, असं इंटरनेटवर पुष्कळ टोपीवाले काका छातीठोकपणे सांगतात. (आमचे प्राध्यापक म्हणत, ती वीजसुद्धा शेवटी पेट्रोलमधूनच येते. पण प्राध्यापकांकडे ब्युइक नव्हती.) इंजिनातली ज्योत उलटी फिरली तर विझावी म्हणून वाटेत दुसरी बरणी, नुसत्या साध्या पाण्याची. दोन्ही आईच्या, घेवडा भरून ठेवायच्या. बाबांनी बॉनेटखाली बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "इंजिनाला लोणचं घालतेयस का गं?"

स्मशानात पोचल्यावर, लोकांना बुडबुडे दिसावेत म्हणून, मी बॉनेट उघडं आणि किल्ली चालू ठेवली. इथेच चुकलं. आपली माणसं तुला ठाऊक आहेत, आत्या. काचेची बरणी, आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, वर नळी, आणि हे सगळं बॉनेटखाली: आपल्या डोंगरात याचा अर्थ एकच होतो. ज्यांनी जन्मात पर्यावरणाची चौकशी केली नाही असे पुरुष टोप्या काढून एकेक करत येऊ लागले. मी भारावून प्रत्येकाला सविस्तर समजावलं. ते मान डोलवत आणि डोळा मारत. "पोरगी शिकली हो," डेल्मरमामा गहिवरून म्हणाला, "आम्ही शेरीफला भिऊन रानात लावायचो, हिनं गाडीतच भट्टी बसवली!"

मग मी जेवायला गेले. तेवढ्यात मामानं साध्या पाण्याच्या बरणीतून घोट घेतला. (हे मला नंतर कळलं.) त्याला माझी दया आली. पोरीच्या मालात काहीच दम नाही, चारचौघांत नाक कापलं जाईल, म्हणून त्यानं ते पाणी गवतात ओतलं आणि बरणी स्वतःच्या हातभट्टीच्या दारूनं गळ्यापर्यंत भरून दिली. इतकं प्रेम मला कॉलेजात कोणी केलं नाही.

इकडे आपले पाद्री ब्रदर एस्टिल यांनी गेलेल्यांची नावं वाचायला घेतली, आणि कोणीतरी मला गाडी वाटेतून काढायला सांगितलं. ब्रदर "व्हर्नन" म्हणाले आणि मी किल्ली फिरवली. जो आवाज झाला तो तुला फ्लोरिडात ऐकू आला नसेल तर आश्चर्य आहे. निळा जाळ उठला, बरणीचं झाकण थडग्यांवरून उडत गेलं आणि ब्रदर एस्टिल यांच्या बायकोच्या केळ्याच्या पुडिंगमध्ये पडलं. मग म्हाताऱ्या आयोना मावशी खुर्चीतून म्हणाल्या, "आला बाई व्हर्नन! जिवंतपणी कधी हाकेला ओ दिली नाही मेल्यानं." लोक रडेपर्यंत हसले. पुढचं नाव वाचायला ब्रदर एस्टिलना फार वेळ लागला.

कोणालाही इजा नाही. आणि निकाल ऐक: परतीच्या संपूर्ण प्रवासात ब्युइकला पेट्रोलचा एक थेंबही लागला नाही! तेव्हा भंगाराचा विचार सोड.

तुझी,
जोनेल

ता. क. डोंगरापलीकडच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली आहे. तिकडे बस जात नाही. ब्युइक मला देशील का? खरं म्हणजे हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. पण पदवी मिळाल्यापासून घरात सगळे मलाच विचारायला येतात, त्यामुळे स्वतः काही मागायचं म्हटलं की जीभ अडते.

आणखी ता. क. पेट्रोल लागलं नाही, कारण गाडी डेल्मरमामाच्या ट्रॅक्टरनं ओढत आणली. शिक्षिका होणारीनं हे लपवू नये. इंजिन शाबूत आहे. हवेच्या फिल्टरची पेटी फुटली, ती बाबा बदलताहेत. बरण्या काढल्या.

शेवटचा ता. क. तू परस्पर पाठवलेला भंगारवाला आज आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, डोळे मिटून खोल वास घेतला आणि दुप्पट भाव बोलला. उत्तर लवकर पाठव.