धोंड्याच्या महिन्यातलं लग्न

मुंबई, ता. २ एप्रिल १९८०

ती. रुपरावमामांना शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम मुळीच नाही. बाबांनी अमरावतीहून फर्मान धाडलंय: नागपुरातल्या चार शहाण्या माणसांना माझं काम कळलं तरच पुढची दोन वर्षं कलाशाळेत शिकायचं, नाहीतर जुलैपासून वर्ध्याच्या शाळेत ड्रॉइंग टीचर.

मी कला आणि विज्ञान मिळून मांडणी करते. लाउडस्पीकरवर पितळी ताट, ताटात वाळू. आवाज सोडला की वाळूची आपोआप नक्षी होते. त्यासाठी अंधार करता येईल आणि गोंगाट चालेल अशी जागा हवी. नागपुरात चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या दोघांना लिहिलं, तर चित्र कुठं आहे म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मामा, आता तुम्हीच काय ते बघा.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो जागा शोधण्यात दाखवावा.

तुमची चारुशीला

प्रताप नगर, नागपूर, ता. २६ एप्रिल

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीले वाचून दाखवलं. मांडणी म्हटल्याबरोबर तिनं स्वैपाकघरातली भांड्यांची मांडणी रिकामी करून ठेवली, तुले पाठवाची म्हणून! तिले समजवता समजवता माझा चहा राहून गेला.

पंधरा दिवस झाले, सायकल हाणून राहिलो. वाचनालयात गेलो, तं शांतता राखा ही पाटी. माझ्या चपला वाजल्या तरी सेक्रेटरीनं डोळे वटारले. संत्र्याच्या गोदामात अंधार झकास, पण माश्या इतक्या का तुझी नक्षी त्याच पुसून टाकतीन.

मग डोक्यात उजेड पडला. यंदा अधिक जेठ आहे. धोंड्याच्या महिन्यात लग्न कोण करते? मंगल कार्यालयं सारी ओस! मॅनेजर शालिकराम माझ्या वळखीचा, पण नियमाचा पक्का. कार्यालय फक्त लग्नाले भेटते, अन् रजिस्टरात वर-वधूचं नाव पाह्यजेच. मी म्हटलं, लिही गा: वर विज्ञान, वधू कला. आडनावं त्यानं इचारली नाही, हे नशीब. एक जून, रविवार पक्का.

तुझ्या बाबांले धोंड्याचं जेवाले बोलावलं आहे. अनारशासाठी जावई कुठूनबी येते. तू ताटं आण, वाळू मी कन्हान नदीची आणतो.

माया इकडं पोत्यानं आहे, काळजी काहून करतं वं?

तुझा मामा, रुपराव

मुंबई, ता. ४ मे

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

वर-वधू वाचून हसत सुटले, मग रजिस्टराची ओळ पुन्हा वाचली. बाबा जन्मभर हेडमास्तर. खोटी नोंद त्यांना कळली तर वाळू राहील बाजूला, मी थेट वर्ध्याला. पाटीबिटी लावू देऊ नका, तुमच्या पाया पडते.

चारू

अमरावती, ता. ५ जून

रा. रा. रुपराव यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

अनारसे उत्तम होते. बाकी सगळी लबाडी होती.

नागपूरच्या उन्हात भर दुपारी शतपावलीला नेलंत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कार्यालयाच्या दारावर पाटी: चि. विज्ञान आणि चि. सौ. कां. कला यांचा शुभविवाह! ती शालिकरामानं नियमाप्रमाणे लावली, हे तुमचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. धोंड्यात लग्न म्हणजे नक्की काहीतरी भानगड, म्हणून सारा मोहल्ला आत शिरलेला. त्यात नियमाप्रमाणेच शालिकरामानं सनईची तबकडी लावली, ती नेमकी चारूच्या लाउडस्पीकरवर. सूर चढला तशी ताटातली वाळू उठली आणि रांगोळीसारखी मांडून बसली. तुमच्या शेजारच्या तुळसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या की आवाजालेबी रूप असते, आपल्याले दिसत नाही येवढंच. ध्वनी म्हणजे कंपन, हे मी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं. डोळ्यांनी पाहिलं ते या रविवारी. चार शहाणी माणसं मागितली होती, तुळसाबाई एकट्या चौघांना भारी.

तेवढ्यात माझी टोपी पाहून एका गृहस्थांनी मला वधूपिता ठरवलं, हाती आहेराचा स्टीलचा डबा दिला आणि मुलगी कोणती म्हणून विचारलं. चारू शिडीवर चढून खिडकीला काळं कापड ठोकत होती, केसांत वाळू. मी बोट दाखवलं आणि तीच माझी मुलगी म्हणून सांगितलं. पुढचे डबेही मग मी मुकाट्यानं घेतले.

वर्ध्याला नकार कळवला आहे. डबे चारूबरोबर मुंबईला पाठवा, दोन वर्षं उपयोगी पडतील. खोटी नोंद मात्र मला झोपू देत नाही. शालिकरामाकडून रजिस्टरात एवढी दुरुस्ती करून घ्या: वधूच्या पित्याची जागा कोरी आहे, तिथं माझं नाव लिहावं.

पुन्हा धोंडा येईल, तोवर लोभ असाच अनारशाच्या पिठासारखा आंबू द्यावा.

आपला, वामनराव